फोन माझा होता

मागच्या महिन्यात मुलीकडे पुण्याला गेलो होतो. तिच्या ऑफिसात म्हणे कुणालाच स्वतंत्र खोली नाही, साहेबालाही नाही. लांबच लांब टेबले आणि त्यांच्याभोवती सगळी माणसे. मी विचारले, "मग घरचा फोन आला तर?" तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. भिंतीलगत काचेच्या दोन उभ्या पेट्या, एक माणूस जेमतेम मावेल एवढ्या. "बाबा, याला आम्ही फोन बूथ म्हणतो. त्या रिकाम्या नसल्या की जिन्यात जाऊन बोलायचं." मला हसूच आले. आमच्या गावातला एस.टी.डी. बूथ फिरून ऑफिसात आला की!

पण रात्री झोप येईना. त्या पेटीवरून आमच्या शाळेतला फोन आठवला, आणि फोनबरोबर एक जुनी गोष्ट. ती सांगतोच, पण आधी थोडा इतिहास. मास्तरांची खोड, काय करणार!

फोन जन्माला आला तोच मुळी चारचौघांत. ग्रॅहम बेलला पेटंट मिळाले १८७६ साली, आणि १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे एक्स्चेंज सुरूही झाली. तेव्हा आपण नंबर फिरवायचा नसे, ऑपरेटरला सांगायचा. म्हणजे दोघांच्या बोलण्यात तिसरा कान ठरलेलाच. अमेरिकेत स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करी. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर मुद्दाम दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, असे सांगतात. त्याने १८९१ मध्ये ऑपरेटरशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडे गावाबाहेर थेट नंबर फिरवण्याची सोय प्रथम झाली ती कानपूर-लखनौमध्ये, १९६० साली. लहान गावांना मात्र पुढे कितीतरी वर्षे ट्रंककॉलच लावावा लागे.

आमच्या शाळेत फोन एकच. काळा, जड, आणि डायलला छोटे कुलूप. तो हेडसरांच्या टेबलावर. त्याच खोलीत क्लार्कचे टेबल, आणि खिडकीशी एक बाक, तिथे आम्ही शिक्षक वह्या तपासत बसायचो. बाहेरगावचा फोन आला की शिपाई वर्गाच्या दारात येऊन सांगे. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, त्यामुळे बोलणारा ओरडूनच बोले. तीन मिनिटे झाली की ऑपरेटर मध्येच आठवण करून देई.

अशा खोलीत खाजगी बोलायचे कसे? त्यावर हेडसरांची एक रीत होती. कुणाचा फोन आला की ते एखादी फाईल उचलून व्हरांड्यात जात आणि वाचत फेऱ्या मारत. क्लार्क लगेच टाईपरायटर बडवायला घेई. कुणी कुणाला सांगितलेले नव्हते, पण ऐकू आले तरी ऐकायचे नाही हे ठरलेले होते. मी नवखा नव्हतो, मलाही ते कळत होते.

१९८२ चा पावसाळा. जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि मिटायचे नाव नव्हते. आमच्याकडे संस्कृत शिकवणाऱ्या बाईंचे यजमान मुंबईत एका गिरणीत नोकरीला होते. एका दुपारी त्यांचा ट्रंककॉल आला. हेडसर बाहेर गेले, टाईपरायटर सुरू झाला. मी बाकावर होतो. वही पुढ्यात होती, पण लाल पेन थांबलेले. बाई ओरडून विचारत होत्या, "किती लागतील? बांगड्या मोडू का? बरं, मंगळसूत्र सोडून बाकीचं मोडते."

संध्याकाळी चहा घेताना मी ते घरी सांगितले. वाईट हेतूने नव्हे, हळहळ वाटली म्हणून. घरातून ते शेजारी गेले, शेजारून कुठे गेले कोण जाणे. आठवडाभरात बाईंच्या वाण्याने वहीवर सामान द्यायचे बंद केले. "आधी मागचं मिटवा" म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाई बाकापाशी आल्या. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "सर, फोन माझा होता." आणि तासावर निघून गेल्या.

माफी मागायची राहून गेली. पुढे त्यांनी बदली करून घेतली. त्या जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

निवृत्तीनंतर कायद्यावरचे वाचन वाढले, तेव्हा अमेरिकेतला कॅट्झ नावाच्या माणसाचा खटला वाचनात आला. पोलिसांनी सार्वजनिक फोनच्या काचेच्या खोलीवर बाहेरून यंत्र लावून त्याचे बोलणे टिपले होते. १९६७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते अवैध ठरवले. काचेतून माणूस दिसत होता हे खरे, पण त्याने दार लावले होते ते नजर टाळायला नव्हे, कान टाळायला, असा न्यायाधीशांचा विचार. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९९६ मध्ये सांगितले की घरात किंवा ऑफिसात फोनवर बोलणे हा माणसाच्या खाजगीपणाचा भाग आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. हे सगळे सरकारच्या कानासाठी. बाकावर बसलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला कुठले कलम लावणार? तिथे हेडसरांचा व्हरांडाच हवा.

१९९५ च्या ३१ जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला आणि आपल्याकडे हे नवे युग सुरू झाले. फोन ज्याचा त्याच्या खिशात गेला. बोलणे मात्र पूर्वीपेक्षा जास्त चव्हाट्यावर आले. बसमध्ये, दवाखान्यात, बँकेत लोकांची दुखणी आणि कर्जे आपण फुकट ऐकतो. माझाही आवाज ट्रंककॉलच्या सवयीने चढतोच. "फोन कशाला, नुसती खिडकी उघडा," असे सौ. म्हणते.

मुलगी सांगत होती, तिच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा हिचा घरचा फोन आला की न सांगता कानाला हेडफोन लावतो. कधी कधी त्यात गाणेही चालू नसते. ऐकून बरे वाटले. व्हरांडा अजून आहे म्हणायचा.

असो. आपल्या घरातल्या मंडळींना एक विनंती. मला फोन करताना स्पीकर लावलेला असेल आणि भोवती चारजण बसलेले असतील, तर आधी तसे सांगत चला. आणि तुमच्या शेजारी कुणाचा फोन वाजला, तर एखादी फाईल उचला.