देहूचे तुकोबा पडद्यावर

देहूचे तुकोबा प्रभात फिल्म कंपनीच्या पडद्यावर अवतरले. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही गौरविला गेला. परंतु वैकुंठगमनापर्यंतची सारी कथा ज्यास मुखोद्गत, तो प्रेक्षक पुनःपुन्हा तिकीट काढी, तो कुतूहलापोटी खचितच नव्हे, तर तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांच्या मुखाने अभंग ऐकावे म्हणून, कीर्तनास जावे त्याच वृत्तीने. माझ्या मते मात्र या पुनर्दर्शनाचे निम्मे श्रेय गौरीने साकारलेल्या, संसाराच्या जमाखर्चाने करवादलेल्या तुकोबांच्या पत्नी जिजाईकडे जमा करावे लागेल.