पायरीच्या दगडाचं कूळ

मॉरिशस दाखवायला निघालेली सहल पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाटापाशी थांबतेच. तिथे सोळा पायऱ्या आहेत. वाटाड्या 2 नोव्हेंबर 1834 ही तारीख सांगतो, त्या दिवशी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून आलेल्या 36 मजुरांची गोष्ट सांगतो आणि मंडळी फोटो काढू लागतात. मला वाटतं, आधी त्या दगडाकडे नीट बघावं.

दगड काळा आहे. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत असताना खालची एक भट्टी फुटली. लाव्ह्याचे थरांवर थर साचले आणि त्यातून दख्खनचं पठार आणि सह्याद्री घडले. भारत पुढे निघून गेला, भट्टी मागेच राहिली. तिनेच ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्राबाहेर काढलं, आणि आज ती शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगते आहे. म्हणजे रत्नागिरीकडचा माणूस मुंबईहून जहाजात बसून इथे उतरला, तेव्हा त्याच्या पायाखाली सह्याद्रीच्याच कुळातला दगड होता. त्याला हे कुणी सांगितलं नाही. आपण तरी सांगायला हवं.

त्या माणसाला इथे आणलं उसाने. 1639 मध्ये डचांनी जावाहून ऊस आणला. 1710 मध्ये ते बेट सोडून गेले, ऊस मात्र राहिला. फ्रेंचांच्या काळात, 1735 पासून, ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई उभारलं. मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर. 1810 मध्ये बेट इंग्रजांनी घेतलं, 1835 मध्ये गुलामी संपली, आणि सुटलेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांनी त्याआधीच भारताकडे नजर वळवली होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून करारावर माणसं येऊ लागली. 1920 पर्यंत ही संख्या पाच लाखांच्या घरात गेली.

1849 मध्ये घाटाच्या जागी या मजुरांसाठी छावणी बांधायला घेतली. बोटीतून उतरायचं, पायऱ्या चढायच्या, मग नोंदणी. प्रत्येकाला एक नंबर मिळे. दोनेक दिवस तिथेच काढायचे, स्वयंपाकघर आणि शौचालयं आवारातच. मग मळ्यावर रवानगी. 1860 च्या दशकात ओळखपत्रावर फोटोही आला. काही जणांच्या आयुष्यातला तेवढाच एक फोटो असेल.

मळ्यावर पुन्हा तोच काळा दगड. ऊस लावण्याआधी जमिनीतले धोंडे हातांनी उचलून बाजूला रचावे लागत. ते ढीग आजही उसाच्या शेतांमधून उभे दिसतात. गाडी क्षणभर थांबवून ते दाखवायलाच हवेत. पाठीचे कष्ट पायऱ्यांपेक्षा तिथे जास्त स्पष्ट दिसतात.

छावणीचा बराचसा भाग पुढे नाहीसा झाला, काही भागावरून रस्ता गेला. उरलेल्याला लोक कुली घाट म्हणत. 1987 मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

मॉरिशसचे मराठी लोक आज झाकरी नाचतात. कोकणातल्या जाखडीशी तिचं नातं लपत नाही. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण घराण्याचा माग काढायला बसलं की अडतं. तिथे पुष्कळ घराण्यांत पूर्वजाचं नावच आडनाव होऊन बसलं आणि मूळ आडनाव बुजलं. म्हणून सहल मोकाच्या महात्मा गांधी संस्थेपर्यंत न्यावी. तिथल्या मजुरांच्या नोंदवह्यांत नाव, बापाचं नाव, वय, जिल्हा, गाव लिहिलेलं आहे. ज्याच्या घरात पणजोबांचा नंबर जपून ठेवला आहे, त्याला तिथून कोकणातल्या गावाचा पत्ता लागू शकतो.