पोलिओला उंदीर का चालला नाही?

विषाणू एका प्राण्यातून दुसऱ्यात उडी मारतो, हे कोविडनंतर आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण बहुतेक विषाणू बहुतेक प्राण्यांत शिरूच शकत नाहीत, तिकडे आपलं लक्ष जात नाही. आज आपण या ‘न शिरण्या’चा इतिहास पाहू. उदाहरण पोलिओचं घेऊ, कारण यात आपल्या देशातली माकडंही आहेत.

सुरुवात 1908 सालच्या व्हिएन्नामध्ये. कार्ल लँडस्टायनर, ज्यांनी रक्तगट शोधले तेच, आणि त्यांचे सहकारी एर्विन पॉपर यांनी पोलिओने दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचला. ससे, गिनीपिग, उंदीर, कुणालाच काही झालं नाही. मग तोच अंश दोन माकडांना टोचला. दोन्ही माकडांच्या मज्जारज्जूत माणसासारखीच विकृती दिसली. रोग संसर्गजन्य आहे हे सिद्ध झालं; पण त्याचबरोबर हेही ठरलं की, पोलिओवर काम करायचं तर माकड हवं.

माकड म्हणजे खर्च. उंदरांवर शंभर प्रयोग करता येतात, तिथे माकडांवर पाच-दहा. 1939 मध्ये अमेरिकेत चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी पोलिओचा एक वाण कॉटन रॅटमध्ये वाढवून दाखवला खरा; पण तो अपवादच राहिला.

शिवाय माकडानेही संशोधकांना फसवलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सायमन फ्लेक्सनर ऱ्हीसस माकडांवर काम करत होते. या माकडांना पोलिओ तोंडावाटे सहसा होत नाही, नाकावाटे होतो. त्यात विषाणू वर्षानुवर्षं माकडांच्या चेतासंस्थेतच वाढवल्यामुळे तो चेतापेशींना सरावलेला. निष्कर्ष असा निघाला की, माणसातही पोलिओ नाकातून थेट मेंदूकडे जातो. त्यावर विसंबून 1937 मध्ये टोरांटोत हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं गेलं. पोलिओ थांबला नाहीच, उलट काही मुलांची वास घेण्याची शक्ती गेली. माणसात हा विषाणू तोंडावाटे जातो आणि आतड्यात वाढतो, हे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली.

1949 मध्ये बोस्टनला एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओ चेतापेशींखेरीज इतर मानवी पेशींतही वाढवून दाखवला. लशीचा मार्ग मोकळा झाला. पण लस मोठ्या प्रमाणावर करायला माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, आणि तयार लशीची चाचणीही माकडांवरच होई. ही ऱ्हीसस माकडं मुख्यतः भारतातून जात. प्रवासात होणारे त्यांचे हाल आणि मृत्यू पाहून भारताने 1955 मध्ये निर्यात काही काळ थांबवली. पुढे अटी घालून ती सुरू झाली, आणि 1978 मध्ये, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, पूर्ण बंद झाली.

आता प्रश्न असा, की माकड चालतं आणि ससा का चालत नाही? सशाच्या पेशीत पोलिओ वाढूच शकत नाही, की तो आतच शिरत नाही? दोन्ही शक्यता होत्या.

याचं उत्तर 1959 मध्ये अमेरिकेत जॉन हॉलंड, लेरॉय मॅकलॅरेन आणि जेरोम सिव्हर्टन यांनी दिलं. विषाणू माणसाच्या आणि माकडाच्या पेशींना चिकटतो, इतर प्राण्यांच्या पेशींना चिकटत नाही, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी विषाणूचं प्रथिनाचं कवच काढून टाकलं आणि नुसता आरएनए त्या ‘बंद’ पेशींना दिला. तर काय, त्या पेशींनी नवे विषाणू तयार केले! पण एकदाच. नवे विषाणू बाहेर पडले ते पुन्हा कवच घालून. त्यामुळे शेजारच्या पेशीत शिरणं त्यांना जमेना. म्हणजे आतला कारखाना तयारच होता, अडचण दाराशी होती.

ते दार नेमकं कोणतं, हे कळायला आणखी 30 वर्षं लागली. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हिन्सेंट रॅकॅनिएलो यांच्या गटाने मानवी डीएनए उंदराच्या पेशींत घातला. ज्या मोजक्या पेशींना पोलिओची लागण होऊ लागली, त्यांतून त्यांनी ते जनुक शोधून काढलं. त्यापासून बनणारं प्रथिन, म्हणजे पोलिओचा रिसेप्टर, आज सीडी155 या नावाने ओळखला जातो. तो काही पोलिओच्या सोयीसाठी नाही; पेशींना एकमेकींना धरून राहायला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना ओळख पटवायला तो लागतो. विषाणू त्याचा फायदा घेतो, इतकंच. उंदराकडेही या घराण्यातलं प्रथिन आहे, पण पोलिओला ते धरता येत नाही.

पुढच्याच वर्षी हे मानवी जनुक असलेले उंदीर तयार झाले. विषाणू टोचल्यावर त्यांना लकवा झाला. व्हिएन्नात जे जमलं नव्हतं, ते एका जनुकाने जमवलं. लशीच्या काही चाचण्यांत माकडांऐवजी असे उंदीर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे मान्यता दिली.

इथे एक सावधगिरी बाळगू या. दार उघडलं म्हणजे सगळं झालं असं नाही. या उंदरांनाही तोंडावाटे पोलिओ सहजी होत नाही. रिसेप्टर ही पहिली अट आहे, एकमेव नव्हे. फ्लेक्सनर यांच्या माकडांनी आपल्याला तेच शिकवलं होतं.

पण ज्या कुलपाने माकडांचा बळी घेतला, त्यानेच आपल्याला एक मोठी सवलतही दिली. पोलिओला उंदीर, गुरं, पक्षी यांच्यात लपून राहता येत नाही. निसर्गात त्याचा कायमचा मुक्काम माणसातच. म्हणून माणसांना लस देऊन त्याला हटवण्याचा विचार तरी करता आला. इन्फ्लूएन्झाच्या बाबतीत तो करता येत नाही, कारण पाणपक्षी आहेत. भारतात निसर्गातल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला, आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला.

बूथवर लहान मुलांच्या तोंडात दोन थेंब घालणाऱ्या आशाताईंचं आणि स्वयंसेवकांचं श्रेय यात कमी होत नाही. पण त्यांच्या कष्टांना फळ येऊ शकलं, यामागे हे न दिसणारं कुलूपही आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ या.