नेटविना वही

ब्राऊझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता टाकला की ती विनंती संगणकाच्या बाहेर पडतच नाही. वायफाय बंद असो की केबल काढलेली असो, ती आतल्या आत वळते आणि त्याच यंत्रावर चालू असलेल्या प्रोग्रॅमपाशी पोचते. १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते या कामासाठी राखीव आहेत, असं १९८६ सालच्या आरएफसी ९९० या दस्तऐवजात नोंदवलेलं आहे. ते भरतात जवळपास १ कोटी ६७ लाख. सर्रास वापरला जातो तो हा एकच. त्याचं रोजच्या वापरातलं नाव 'लोकलहोस्ट'.

हे सांगायचं कारण असं की 'ब्राऊझरमध्ये चालतं' म्हणजे 'नेट लागतं' हे समीकरण आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला आपण एक दुवा पाठवतो; तो उघडतो, पायथन लिहितो, चालवतो. नेट गेलं की अभ्यासही थांबतो. पण ज्या साधनामुळे ही सवय लागली, त्या 'नोटबुक'चा इतिहास पाहिला तर ते जन्माला आलं ते नेटवर अवलंबून राहण्यासाठी नव्हे.

नोटबुकची कल्पना ब्राऊझरपेक्षा जुनी आहे. १९८८ साली मॅथेमॅटिका बाजारात आलं. मजकूर, सूत्रं, आकडेमोड आणि आलेख एकाखाली एक लिहिलेली वही, असं त्याचं रूप थिओडोर ग्रे यांनी घडवलं. आत दोन भाग होते: डोळ्यांसमोरची वही आणि मागे हिशेब करणारा 'कर्नल'. दोघं एकमेकांना निरोप पाठवत. दोघं एकाच यंत्रावर असतील किंवा दोन वेगळ्या यंत्रांवर. पुढचा सगळा इतिहास या फारकतीतून निघतो.

२००१ साली कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या फर्नांदो पेरेझ या कोलंबियन विद्यार्थ्याने पायथनची संवादी खिडकी स्वतःच्या कामाला सोयीची करून घेतली. २५९ ओळींचा तो प्रोग्रॅम म्हणजे आयपायथनची पहिली आवृत्ती. पुढे यान्को हाउझर आणि नेथन ग्रे यांचे अशाच धाटणीचे प्रोग्रॅम त्यात मिसळले गेले. मॅथेमॅटिकासारखी वही करायचे काही प्रयत्न झाले आणि अर्ध्यावर राहिले. दरम्यान विल्यम स्टाइन यांच्या सेज या गणिती प्रणालीने ब्राऊझरमध्ये वही चालवून दाखवली होती. अखेर पेरेझ यांचे सहकारी ब्रायन ग्रेंजर यांनी २०११ च्या उन्हाळ्यात पुन्हा नव्याने सुरुवात केली आणि त्या डिसेंबरात आयपायथन ०.१२ मधून नोटबुक लोकांपर्यंत पोचलं.

ब्राऊझरच का? कारण व्यवहारी होतं. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर सारखं दिसणारं, अक्षरं, चित्रं आणि सूत्रं नीट मांडणारं माध्यम प्रत्येकाच्या संगणकावर आधीच बसवलेलं होतं. म्हणजे ब्राऊझर इथे जगाकडे उघडणारी खिडकी म्हणून आला नाही, कागद म्हणून आला. आज्ञा दिली की तुमच्याच यंत्रावर एक छोटा सर्व्हर सुरू होतो, ८८८८ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसतो, आणि ब्राऊझर त्याच्याशी बोलतो. सर्व्हर घरचा, कर्नल घरचा, फाइलही घरचीच. २०१४ साली या प्रकल्पातून ज्युपिटर वेगळा झाला, तेव्हाही ही रचना कायम राहिली.

मग नेट आत शिरलं कुठून? सोयीच्या लहान लहान फटींतून. सूत्रं सुबक दिसावीत म्हणून नोटबुक मॅथजॅक्स ही लायब्ररी वापरत असे, आणि सुरुवातीला ती आपोआप दूरच्या सर्व्हरवरून आणली जाई. नेट नसलं तर हिशेब बरोबर येई, पण इंटिग्रलच्या जागी डॉलरच्या खुणांमधला कच्चा मजकूर दिसे. ती आधी उतरवून आपल्या यंत्रावर ठेवायची वेगळी आज्ञा होती. पुढे ती नोटबुकसोबतच येऊ लागली. मॅथजॅक्सची स्वतःची वितरण सेवा ३० एप्रिल २०१७ ला बंद झाली. जुन्या पत्त्यावरच्या विनंत्या दुसरीकडे वळवण्याची सोय केलेली होती, म्हणून फारसा गाजावाजा झाला नाही. तरी नोटबुकमधून एचटीएमएल करून साठवलेल्या असंख्य पानांत तो जुना पत्ता तसाच राहिला. आपल्या डिस्कवरची फाइल पूर्ण दिसण्यासाठी दुसऱ्या कुणाचा सर्व्हर जिवंत असावा लागतो, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं.

दुसरी फट मोठी होती: पॅकेजेस. पांडास मागितलं की त्यामागून नम्पाय येतं, तारखा हाताळणारी लायब्ररी येते, तिला लागणारी आणखी एखादी येते. नेट असताना ही वरात दिसत नाही. आणि २०१७ मध्ये गूगलचं कोलॅब सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा कर्नलही घराबाहेर गेला. काही बसवायला नको, वर जीपीयू फुकट. ज्याचा लॅपटॉप जेमतेम आहे त्याच्यासाठी हे वरदान होतं, आणि आजही आहे. पण आता चालू सत्र किती वेळ टिकेल हे दुसरं कुणीतरी ठरवतं, आणि ते संपलं की त्या यंत्रावरच्या फाइलीही जातात.

हे किती महागात पडू शकतं ते काश्मीरने पाहिलं. ५ ऑगस्ट २०१९ ला तिथलं इंटरनेट बंद झालं. जानेवारी २०२० पासून मोबाइलवर टूजी टप्प्याटप्प्याने परतलं. सगळीकडे फोरजी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. मधल्या काळात साऱ्या देशाचे वर्ग ऑनलाइन गेले होते. साधा हिशेब करू: पायथनचा वैज्ञानिक संच पाचशे एमबीचा धरला, तर सेकंदाला शंभर किलोबिट या वेगाने तो उतरायला अकरा तासांहून अधिक लागतात, तेही मध्ये न तुटता. ज्याच्या यंत्रावर तो संच आधीपासून होता, त्याची वही नेट नसतानाही चालणार होती. ज्याचा सगळा अभ्यास दुव्यांवर होता, त्याच्या हातात काहीच उरत नव्हतं.

भारतात ही साधनं शिकवणाऱ्या काहींनी हे आधीच ओळखलं होतं. पवईत आयआयटी मुंबईमध्ये केंद्र सरकारच्या शैक्षणिक अभियानातून फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प उभे राहिले. स्पोकन ट्युटोरियलचे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. त्यांत आयपायथनचाही धडा आहे. शेजारी सॉफ्टवेअर उघडं ठेवायचं, ध्वनिचित्रफीत थोडी ऐकायची, थांबवायची, स्वतः करून पाहायचं, अशी त्यांची रीत. धडे उतरवून घेऊन नेटशिवाय पाहता येतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणक आणि एक कुरकुरणारी जोडणी असते, हे गृहीत धरूनच ही आखणी झालेली दिसते.

नेटविना वही चालवायची म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याआधी करायचे तसली बेगमी. नेट असलेल्या यंत्रावर लागणारी सगळी पॅकेजेस 'व्हील' स्वरूपात उतरवायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, आणि दुसऱ्या यंत्रावर पिपला बजावायचं की बाहेर पाहू नकोस, या फोल्डरमध्येच शोध. गफलत बहुधा एकाच ठिकाणी होते: नम्पायसारख्या पॅकेजचं व्हील ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनच्या ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेलं असतं. लिनक्सवर उतरवलेलं विंडोजवर बसत नाही. डाळ भरली, पण डब्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं, अशी गत.

अलीकडे गोष्ट आणखी एक वळण घेते आहे. २०१७ पर्यंत प्रमुख ब्राऊझरांत वेबअसेंब्ली आली. २०१८ मध्ये मोझिलात मायकेल ड्रोएटबूम यांनी पायथन त्यावर चालवायला घेतलं, तोच पायोडाइड. २०२१ मध्ये आलेल्या ज्युपिटरलाइटने त्याला वहीचं रूप दिलं. आता हिशेब करणारा कर्नल थेट ब्राऊझरच्या आत बसतो. तरी फटी आहेतच. पायोडाइडची पॅकेजेस सहसा दूरच्या सर्व्हरवरून येतात, म्हणून तीही आधी उतरवून शेजारी ठेवावी लागतात. पानावर डबलक्लिक करून भागत नाही, एक छोटा स्थानिक सर्व्हर लागतोच. पायथनसोबत तो आयता मिळतो. आणि वह्या ब्राऊझरच्या साठ्यात राहतात, त्यामुळे साफसफाईच्या भरात कुणी ब्राऊझरचा डेटा पुसला तर त्याही जातात. महत्त्वाची वही वेगळी उतरवून ठेवलेली बरी.

नेट नको असा याचा अर्थ नाही. पॅकेजेस तिथूनच येतात, मदत तिथेच मिळते. पण सामान आणायला बाजारात जाणं वेगळं आणि रोजचा स्वयंपाक बाजारातच जाऊन करणं वेगळं. कुठल्याही शिकवणीच्या पहिल्या दिवशी दहा मिनिटं काढून ही चाचणी घेता येईल: वायफाय बंद करायचं, संगणक पुन्हा सुरू करायचा, वही उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवायची. जिथे ती अडेल, त्या गोष्टीची बेगमी नेट असेतो करून ठेवायची.