सेल्टिक संघाचें ऋण

धर्मग्रामाच्या सभागृहांत गरिबांसाठीं आरंभिलेलें कार्य शंभर वर्षांनीं सावकाराच्या दारीं उभें राहावें, हें चमत्कारिक खरें. पण स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक फुटबॉल संघाच्या नशिबीं तें आलें.

त्या शहराच्या पूर्व भागांत आयर्लंडहून आलेलीं कॅथलिक कुटुंबें हलाखींत दिवस काढीत. त्यांच्या मुलांस पोटभर जेवण मिळावें म्हणून मारिस्ट संस्थेचे ब्रदर वॉलफ्रिड खटपट करीत. त्या भोजनाचा खर्च सामन्यांच्या तिकिटांतून निघावा, या हेतूनें ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं सेंट मेरी चर्चच्या सभागृहांत या संघाची स्थापना झाली. १८९२ सालीं ब्रदरांची लंडनला बदली झाली आणि १८९७ सालीं संघाची मर्यादित कंपनी बनली. भागधारक आले, लाभांश आला. मुलांचें ताट मात्र मागें पडलें. आमच्या मतें पहिलें ऋण तेथेंच चढलें, जरी तें कोणत्याही वहींत लिहिलें गेलें नाहीं.

पुढें संघाची कीर्ति वाढली. १९६७ सालीं लिस्बन येथें युरोपियन चषक जिंकणारा तो ब्रिटनमधील पहिला संघ. परंतु मालकी मोजक्या घराण्यांतच राहिली, आणि त्यांचें द्रव्यबळ त्या कीर्तीच्या मानानें तोकडें होतें. फुटबॉल संघाचा संसारच विचित्र! चांगला खेळाडू विकून कर्ज फेडावें, तर संघ हरतो. संघ हरला कीं प्रेक्षक घटतात. प्रेक्षक घटले कीं पुन्हां कर्ज. गिरणीचा मालक मंदींत एखादी पाळी बंद ठेवूं शकतो. या मालकास शनिवारीं अकरा जण मैदानांत उतरवावेच लागतात.

त्यांत १९८९ सालीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरींत अनेक माणसें दगावलीं. न्यायमूर्ति टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर मोठ्या संघांस सर्व प्रेक्षकांसाठीं आसनें करणें भाग पडलें. उभ्या गर्दीवर चालणाऱ्या सेल्टिकला हा खर्च झेपावा कसा? १९८९ नंतर एकही चषक हातीं लागला नव्हता. मार्च १९९४ मध्यें बँकेचें देणें सुमारें पन्नास लाख पौंड झालें व बँक रिसीव्हर नेमण्याच्या बेतांत आली.

४ मार्च रोजीं, अगदीं अखेरच्या घटकेस, फर्गस मॅक्कॅन यांनीं पैसा भरून संघ हातीं घेतला. हे गृहस्थ तरुणपणीं क्रॉय गांवच्या चाहत्यांची बस सामन्यांस नेत. पुढें कॅनडांत जाऊन सहलींच्या व्यवसायांत त्यांनीं धन मिळविलें. त्यांनीं काढलेल्या भागविक्रींत दहा हजारांवर सामान्य चाहत्यांनीं भाग घेतले. विधवेच्या दमडीची आठवण व्हावी अशीच ती गोष्ट. त्यांतून साठ हजार आसनांचें मैदान उभें राहिलें. पण खेळाडूंवर पैसा उधळण्यास मॅक्कॅन राजी नव्हते. म्हणून दहा वर्षांनीं साखळी स्पर्धेचें विजेतेपद मिळालें, तेव्हां ऑगस्ट १९९८ मध्यें विजयध्वज फडकवितांना त्याच चाहत्यांनीं त्यांची हुर्यो केली. १९९९ सालीं ठरल्याप्रमाणें ते भाग विकून गेले. सुमारें नव्वद लाखांचे चार कोटी पौंड झाले. हा नफा कित्येकांस खुपला. आम्हांस खुपत नाहीं; बुडत्या नावेंत तेव्हां दुसरें कोण चढलें असतें? शिवाय १९९५ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत संघाचा धर्मादाय निधि स्थापन होऊन ब्रदरांच्या हेतूस पुन्हां स्थान मिळालें.

२०१४ सालीं मॅक्कॅन यांस विजयध्वज फडकविण्यास पुन्हां बोलाविलें, तेव्हां सारें मैदान उभें राहून टाळ्या वाजवीत होतें.