बर्फातली वैरण

इयरफोन नीट लावा, आज जरा गारठ्यात जायचंय.

लहानपणी गावी आजोबा कडब्याची गंजी रचायचे, तेव्हा मला वाटायचं, रानात चारा असताना ही मरमर कशाला? गंमत म्हणजे, हाच प्रश्न १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठमोठ्या पशुपालकांनाही पडला होता. आणि त्यांनी स्वतःच उत्तर दिलं होतं, ‘गरज नाही!’

मोंटाना, डाकोटा, वायोमिंग. नजर पोचेल तिथवर सरकारी कुरण, म्हणजे चारा फुकट. गोठा नाही, साठवलेली वैरण नाही. हजारो गुरं मोकळी सोडायची आणि वसंतात गोळा करायची. नफा दिसला तसा ब्रिटनमधून पैसा आला, कळप वाढत गेले आणि कुरणं उजाड झाली. त्यात १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. म्हणजे हिवाळा लागला तेव्हा गुरं आधीच हडकलेली होती.

नोव्हेंबरपासून बर्फ पडायला लागला. मध्येच थोडी ऊब आली, वरचा बर्फ वितळला आणि परत गोठला. गवतावर काचेसारखं कवच बसलं. घोडा खुरानं बर्फ उकरतो, बायसन डोक्यानं ढकलतो. गाईला हे फारसं जमत नाही. शिवाय गाईच्या पोटात चारा आंबतो आणि त्यातून ऊब तयार होते. म्हणजे थंडीत वैरण हे तिचं नुसतं जेवण नाही, ती तिची शेकोटीच. तीच विझली. जानेवारी १८८७ च्या वादळांत गुरं वाऱ्याला पाठ देऊन चालत राहिली आणि काटेरी तारांपाशी अडकून ढिगानं मेली.

चार्ल्स रसेल नावाच्या तरुण काउबॉयनं तेव्हा एक छोटं चित्र काढलं. हाडांचा सापळा झालेली एक गाय आणि टपून बसलेले लांडगे. कळप कसा आहे, या मालकाच्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचाही अर्ध्याहून जास्त कळप गेला.

जे टिकले ते बदलले. कळप लहान केले, कुंपणं घातली आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात गवत कापून, वाळवून गंज्या रचायला लागले. काउबॉयच्या हातात दोरीसोबत विळा-दाताळंही आलं. सिनेमात हे सहसा दिसत नाही!

मग प्रश्न सुटला? नाही. २ जानेवारी १९४९ ला नेब्रास्का, वायोमिंग, साउथ डाकोटात भयंकर हिमवादळ सुरू झालं आणि पुढे कित्येक आठवडे एकामागून एक वादळं येत राहिली. या वेळी वैरण होती, पण तिच्यापर्यंत जाणारी वाट गाडली गेली होती. सैन्यानं बुलडोझर लावून रस्ते मोकळे केले. हवाई दलाच्या विमानांनी अडकलेल्या कळपांवर गवताचे गठ्ठे टाकले. त्याच महिन्यांत तिकडे बर्लिनमध्ये विमानांनी माणसांसाठी अन्न आणि कोळसा पोचत होता, आणि इकडे गाईंसाठी चारा!

दुष्काळात चारा छावणी पाहिलेल्यांना हे नवीन नाही. तिकडे बर्फ, आपल्याकडे ऊन, पण दाव्याला बांधलेलं किंवा कुंपणात अडकलेलं जनावर स्वतःचा चारा शोधायला जाऊ शकत नाही. आपण त्याला अडवलं की त्याच्या पोटाची जबाबदारी आपली.

आजोबांनी हे मला कधी सांगितलं नाही. ते फक्त गंजी रचत राहिले.

तुमच्या घरी गंजी कोण रचायचं? त्यांना आज एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!