वीजग्राहक संरक्षण (महाराष्ट्र)

घर, शेत, दुकान किंवा कारखान्याला वीज पुरवणाऱ्या परवानाधारक कंपनीपुढे ग्राहकाची बाजू राखण्यासाठी कायदा, नियामक आयोग आणि तक्रार यंत्रणा यांनी मिळून उभी केलेली व्यवस्था. तिचा मुख्य आधार विद्युत अधिनियम, २००३ हा असून महाराष्ट्रात ती महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनुसार चालते. वीज ही ‘सेवा’ आहे, हे ग्राहक संरक्षण कायद्याने १९८६ मध्येच मान्य केले होते. पण तो कायदा बाजारातल्या ग्राहकासाठी घडला. माल खराब निघाला तर दुसऱ्या दुकानात जायचे आणि पहिल्यावर दावा लावायचा, ही त्यामागची कल्पना. दारावरून एकाच कंपनीची तार जाते, त्या घराला दुसरे दुकानच नसते. म्हणून या क्षेत्रात ग्राहकाच्या तक्रारीपासून सुरू होणारे संरक्षण अपुरे ठरते. चूक कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत दिसताच तिची भरपाई आपोआप झाली पाहिजे. कायद्यात याची बीजे आहेत, पण अंमलबजावणीचा भार अजून बराचसा ग्राहकाच्याच खांद्यावर आहे.

१९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अनेक वर्षे स्वतःच पुरवठादार होते आणि दरही सरकारच्या संमतीने स्वतःच लावत होते. दाभोळ प्रकल्पाचा १९९३ चा वीजखरेदी करार जाहीर सुनावणीविना झाला आणि त्याचा बोजा पुढे राज्याला जाणवला. १९९९ मध्ये आयोग आला. दरवाढीचा प्रस्ताव लोकांपुढे मांडणे, हरकती मागवणे आणि कारणांसह आदेश देणे तेव्हापासून बंधनकारक झाले. पहिल्याच दरसुनावण्यांत याचा परिणाम दिसला. मंडळ आपली वीजहानी अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत आले होते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी आकडे तपासायला घेतल्यावर आणि आयोगाने जाब विचारल्यावर खरी हानी तिशीच्या पुढे असल्याचे पुढे आले. बिनमीटरच्या शेतीपंपांच्या नावावर गळती आणि चोरी खपवली जात होती. एकेका ग्राहकाने कितीही तक्रारअर्ज केले असते तरी ही गोष्ट उघड झाली नसती. तिच्यासाठी कंपनीच्या हिशेबाची वही उघडायला लावण्याचा अधिकार लागतो, आणि या व्यवस्थेतला तो सर्वांत मोलाचा भाग आहे.

मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. कंपनीने पाळायची कृतिमानके आयोग ठरवतो: नवी जोडणी किती दिवसांत द्यायची, उडालेला फ्यूज किती तासांत बसवायचा, नादुरुस्त मीटर कधी बदलायचे. ती चुकल्यास कलम ५७ नुसार भरपाई द्यावी लागते. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास पुरवठा तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी बाकी सतत बिलात दाखवलेली नसेल, तर तिच्यासाठीही तार कापता येत नाही. ही तरतूद फार थोड्या ग्राहकांना माहीत असते आणि बिलाच्या मागच्या बाजूच्या बारीक मजकुरातून ती कळेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

बिल वाचता येणे हेच किती अवघड आहे, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. मार्चअखेर रीडिंग थांबले, पुढची बिले हिवाळ्यातल्या सरासरीवर निघाली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर लोकांच्या हाती मोठे आकडे पडले. तीन महिन्यांचे २७० युनिट एकाच महिन्याचे धरले, तर पहिल्या १०० युनिटनंतरचे १७० युनिट वरच्या टप्प्याच्या चढ्या दरात जातात. महिन्याला ९० याप्रमाणे विभागले, तर सगळे पहिल्या टप्प्यात बसतात. विभागणी केली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. पण ती पडताळण्याइतका तपशील किती जणांना बिलावरून उमगला असता? आकडेमोड बरोबर असली तरी ती पडताळून पाहण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकणे अन्यायाचेच आहे.

कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर आयोगाने नेमलेला विद्युत लोकपाल, अशा दोन पायऱ्या आहेत. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि नागपूरला आहेत. वकील लागत नाही, ही मोठी सोय. मात्र मंच कायद्यानेच वितरण कंपनीने स्थापायचा असतो. त्यात ग्राहक प्रतिनिधी असला, तरी मंच कंपनीचाच आहे ही भावना त्यामुळे जात नाही. दोन्ही बाजूंना मिळणारी वागणूकही सारखी नाही. अनधिकृत वापराचा ठपका ठेवून कलम १२६ खाली आकारणी झाली, तर अपिलाआधी निम्मी रक्कम भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर अशा आकारणीविरुद्ध ग्राहक न्यायालयातही जाता येत नाही. कंपनीला मात्र भरपाई आधी कुठेही जमा करावी लागत नाही.

भरपाई शेवटी दरवाढीतून ग्राहकांच्याच खिशातून जाईल, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. दर ठरवताना आयोगाने हा खर्च अमान्य केला तर तो आक्षेप टिकत नाही, आणि तसे करणे आयोगाच्या हातात आहे. वीजचोरी आणि थकबाकीने कंपन्या पिचल्या आहेत, हेही खरे आहे. पण चोरीसाठी कलम १३५ चे फौजदारी अधिकार आहेतच. वेळेवर बिल भरणाऱ्याच्या नादुरुस्त मीटरशी त्याचा संबंध नाही. स्पर्धा आली की प्रश्न सुटेल, असे सांगणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उपनगरांत टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांना थेट वीज देण्याची वाट मोकळी झाली आणि अनेकांनी पुरवठादार बदललाही. पण बहुतांश ठिकाणी तारा जुन्याच कंपनीच्या राहिल्या. त्यामुळे वहन आकार आणि अधिभार यांचे वाद आयोगापुढेच आले. वीज विकणारे दोन झाले तरी तार एकच राहते, आणि तारेचे नियमन करावेच लागते.

केंद्राच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांनी एक महत्त्वाचे पाऊल टाकले: दूरस्थ पद्धतीने मोजता येणाऱ्या निकषांत कसूर सिद्ध झाल्यास भरपाई आपोआप द्यायची. त्याच नियमांनी स्मार्ट प्रीपेड मीटरचा पुरस्कार केला. त्याला महाराष्ट्रात मोठा विरोध झाला. शिल्लक संपताच वीज गेली तर कलम ५६ च्या पंधरा दिवसांच्या नोटिशीचे काय, ही शंका रास्त आहे. परंतु हेच मीटर पुरवठा कधी गेला आणि कधी आला याचीही नोंद ठेवते. त्या नोंदीवरून पुढच्याच बिलात भरपाईची रक्कम वजा होणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ग्राहकाने आधी अर्ज करावा, ही अट अशा मीटरच्या बाबतीत ठेवण्याचे कारण उरत नाही.